पालकांचे प्रश्न: उसना टाइम-आउट, बाबांचा फटका आणि रात्रीचे अकरा

या महिन्याच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. जपानी आईबाप असं करतात, स्वीडिश तसं करतात; आम्हीही करून पाहिलं, जमलं नाही. पद्धत उचलून आणता येते, पण ती ज्या घरात चालते ते घर काही सोबत येत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत कोणती पद्धत चांगली याच्या आधी ती कशाच्या जोरावर चालते हे सांगितलं आहे.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. दुकानात हवं ते मिळालं नाही की फरशीवर लोळण घेतो. जपानी मुलं असं करत नाहीत म्हणे. मोबाइलवर पाहून टाइम-आउट सुरू केला. ‘कोपऱ्यात उभा राहा’ म्हटलं की तो हसतो, आजी त्याला उचलून घेतात, मग आमचीच वादावादी. महिनाभराने सोडून दिलं. (आई, कोथरूड)

आधी जपानी मुलांची गोष्ट निकालात काढू. जपानीत दोन-तीन वर्षांच्या वयाला ‘इयाइया-की’ म्हणतात, म्हणजे ‘नको-नको’चा काळ. स्वीडिश आणि जर्मन भाषांतही या हट्टी वयाला स्वतंत्र शब्द आहेत. ज्याला खास नाव द्यावं लागतं ते घरोघरी घडत असणार. दीड ते चार वर्षांच्या मुलांनी भोकाड पसरणं हे सगळीकडचं आहे, आणि बहुतेक आकांत पाच मिनिटांच्या आत ओसरतात. चौथं सरताना ते कमी व्हायला लागतात. तुमच्याकडे होत नाहीत, कारण तुमच्या घरात आकांत लागू पडतो.

तो कसा लागू पडतो, हे अमेरिकेत ओरेगनमधले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरी नोंदी करून उलगडलं. मूल मागतं, मोठं माणूस नाही म्हणतं, मूल आवाज चढवतं, चार लोक बघतात, मोठं माणूस देऊन टाकतं. लगेच शांतता. इथे बक्षीस दोघांनाही मिळालं: मुलाला चॉकलेट, मोठ्याला सुटका. पुढच्या वेळी दोघंही तेच करतात, फक्त आवाजाची पट्टी एक घर वर. त्यात दर वेळी न देता अधूनमधून दिलं तर हट्ट उलट चिवट होतो. रोज मिळणारी गोष्ट बंद झाली की मूल काही दिवसांत सोडून देतं; कधीमधी मिळणारी मात्र ‘आज लागेल’ म्हणून ताणत राहतं, लॉटरीच्या तिकिटासारखी. तुमचं ‘नाही’ आणि आजींचं ‘असू दे गं’ मिळून घरात नेमकी ही लॉटरी चालू आहे.

आता टाइम-आउट. अमेरिकेतल्या वर्तनशास्त्रज्ञांनी तो घडवला तेव्हा त्याचा अर्थ होता ‘मजेपासून काही मिनिटं दूर’. शिक्षा हा हेतू नव्हता. तो गृहीत धरतो की घरात एक शांत जागा आहे, हजर मोठं माणूस एकच आहे आणि एरवी मुलाला भरपूर लक्ष मिळतं. दोन खोल्यांत पाच माणसं असली की कोपरा म्हणजे रंगमंच. मुलगा हसतो ते त्यामुळेच, उद्धटपणामुळे नाही. अशा घरात मुलाला हलवू नका, प्रेक्षक हलवा. टीव्ही बंद, आजी आत, भावंडं आत, तुम्ही दोन हातांवर पाठमोऱ्या.

करायचं ते असं. टाइम-आउट एक-दोन गोष्टींनाच ठेवा, उदाहरणार्थ मारणं आणि वस्तू फेकणं. रडण्याला, भीतीला किंवा भुकेला कधीही नाही. सूचना एका वाक्यात द्या आणि प्रश्नार्थक नको: ‘ठेवतोस का?’ ऐवजी ‘गाडी खाली ठेव’. मनात पाच आकडे मोजा. ऐकलं नाही तर एकदाच बजावा, पुन्हा पाच मोजा, मग तिथल्या तिथेच खुर्चीत बसवा. वर्षाला एक मिनिट हा सोपा हिशेब आहे, तुमच्याकडे चार मिनिटं; लांबवल्याने परिणाम वाढत नाही. त्या वेळात एक अक्षर बोलायचं नाही, कारण रागावणं हेही लक्ष देणंच असतं. शेवटचे काही सेकंद तो शांत असताना उठवा आणि मूळ सूचना पुन्हा द्या. हे बहुतेक जण विसरतात, त्यामुळे मुलाला कळतं की चार मिनिटं बसलं की काम टळतं. नंतर पाच मिनिटांच्या आत काहीतरी धड केलेलं शोधून ते नाव घेऊन सांगा. अंधारी खोली, बाथरूम, बाहेरून कडी यांतलं काहीही नको.

सुरुवातीचे काही दिवस आकांत वाढेल. जुनं नाणं चालेनासं झालं की मूल ते अधिक जोराने आपटतं. बहुतेक घरं नेमकी इथे हार मानतात आणि मुलाला नवी, वरची पट्टी शिकवून बसतात. घरात लग्नकार्य किंवा पाहुणे असतील तर त्या आठवड्यात सुरूच करू नका.

आजींना ‘लाड करू नका’ सांगून काही होत नाही, आणि सांगूही नये. लाडाची वेळ बदला. शनिवारी संध्याकाळी खाऊ आजीकडून, रडो वा हसो. रडल्यावर मात्र कोणाकडूनच नाही. हा करार तुम्ही न करता मुलाच्या बाबांनी आपल्या आईशी केलेला बरा.

दुकानासाठी एक युक्ती कॅनडाच्या उत्तरेकडच्या मूळनिवासी इन्युइटांकडून घेण्यासारखी आहे. मानवशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज १९६० च्या दशकात त्यांच्यात राहिल्या. मुलावर ओरडणारं मोठं माणूस तिथे पोरकट समजलं जाई. मुलाचं चुकलं तर पुढे केव्हातरी, सगळे शांत असताना, तोच प्रसंग खेळ म्हणून पुन्हा उभा करत. तुम्ही घरी ‘दुकान-दुकान’ खेळा. दुकानदार तो, हट्टी मूल तुम्ही. दोन-तीन दिवस खेळून मग खऱ्या दुकानात जा, पोट भरलेलं असताना, दहा मिनिटांच्या कामाला. जाण्याआधी सांगा: आज दूध आणि साबण घ्यायचा, साबण तू निवडायचा, बाकी काही नाही. तरी लोळलाच तर हाताच्या अंतरावर उभ्या राहा, सौदा नको. वाटेत असेल तर उचलून बाहेर आणा, सामान दुकानदाराकडे राहू द्या.

आकांत वारंवार पंचवीस मिनिटांपलीकडे जात असेल, मूल स्वतःला इजा करत असेल किंवा पाच वर्षांनंतरही रोज अनेकदा होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आधी श्रवण आणि बोलणं तपासून घ्या. ज्याला शब्द सापडत नाहीत ते मूल लवकर भडकतं.

प्रश्न : आम्ही सहा महिन्यांपूर्वी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आलो. मुलगा साडेचार वर्षांचा. बालवाडीतून बोलावणं आलं: तो बोलत नाही, भरवण्याची वाट बघतो, कोट स्वतः घालत नाही. शिवाय त्याने खुणेने सांगितलं की बाबा फटका देतात. मी फार घाबरलो आहे. रात्री तो आमच्यातच झोपतो, तेही लपवायचं का? (वडील)

काहीही लपवू नका. मुलाला खोटं बोलायला तर अजिबात शिकवू नका. ती एक गोष्ट प्रकरण खरोखर बिघडवते.

फटक्याबद्दल स्पष्ट सांगतो. स्वीडनने १९७९ मध्ये मुलांना घरी मारण्यावरही बंदी घातली, जगात सर्वांत आधी. तेव्हा ही माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघरी पोचवली होती, न्याहारीच्या टेबलावर मुलांनीही वाचावी म्हणून. बालवाडीतल्या शिक्षकांना शंका आली तर सामाजिक सेवा विभागाला कळवणं हे त्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे; त्यांनी ते केलं तर तो तुमच्यावरचा राग समजू नका. असं कळवणं म्हणजे लगेच मूल नेणं नव्हे. आधी चौकशी आणि बोलणं होतं. भेटीत सांगा: फटका दिला होता, आता बंद केला आहे, त्याऐवजी काय करायचं ते शिकायचं आहे. पालकांच्या वर्गांबद्दल विचारा. आणि खरोखर बंद करा.

शेजारच्या नॉर्वेतलं २०११ चं एका भारतीय दांपत्याचं प्रकरण तुमच्या मनात असणार. हाताने भरवलं, एका पलंगावर झोपवलं म्हणून मुलं नेली, असं आपल्याकडे गाजलं. तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेने मात्र केवळ संस्कृतीच्या फरकावरून ताबा घेतल्याचं नाकारलं होतं. तो वाद इथे सोडवायचं कारण नाही. साडेचार वर्षांच्या मुलाला जवळ घेऊन झोपणं स्वीडनमध्ये गुन्हा नाही. विचारलं तर सरळ सांगा. तिथली स्वतंत्र पाळण्याची शिफारस आहे ती अगदी तान्ह्या बाळांसाठी, पहिले तीन महिने.

भरवणं आणि कोट ही मात्र त्यांची रास्त अडचण आहे. तिथे एका गटात डझनभर मुलं थंडीत, पावसात रोज बाहेर जातात. ज्याला कपडे घालता येत नाहीत तो दारात उभा राहतो आणि खेळ सुटतो. आपल्याकडे हाताने भरवणं हे प्रेम आहे, तिथे स्वतः खाऊ देणं हा मान आहे. मुलाला दोन्ही कळू शकतं, जागा वेगळी ठेवली तर. शनिवार-रविवारी एक जेवण तुम्ही भरवा, बाकी त्याचा चमचा, त्याचा काला, वीस मिनिटं, मग ताट उचलायचं. कोट शेवटाकडून शिकवा: पहिले काही दिवस सगळं तुम्ही करा आणि चेनचा शेवटचा वीतभर भाग त्याला ओढू द्या. मग अर्धी चेन, मग बाह्या, मग सगळं. सुरुवातीपासून शिकवलं की मूल पहिल्याच पायरीवर चिडतं. शेवटाकडून शिकवलं की दर वेळी ‘झालं!’ त्याच्या हातून होतं.

न बोलण्याचं आणखी थोडं. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही आठवडे ते काही महिने गप्प राहतात आणि त्या काळात ऐकून साठवतात. म्हणून घरी मराठी बंद करून मोडकं स्वीडिश सुरू करू नका. मुलाची एकमेव पक्की भाषा तेवढी डळमळेल. तिथल्या कायद्याने बालवाडीनेही मातृभाषेच्या वाढीला हातभार लावायचा असतो, ते मागून घ्या. तपासायचं ते हे: घराबाहेर भेटलेल्या मराठी मुलाशी तो मराठीत बोलतो का? बोलत असेल तर भाषेची वाट बघा. मराठीतही घराबाहेर तोंड उघडत नसेल आणि असे बरेच महिने गेले असतील, तर तो निवडक मूकपणा असू शकतो. त्यावर लवकर उपचार केलेले बरे. ‘बोल ना, बोल ना’ हा आग्रह दोन्ही बाबतींत उलटा पडतो.

प्रश्न : आम्ही मार खाऊनच मोठे झालो, कोण बिघडलं? सून नातवाला बोटही लावू देत नाही आणि तो आठ वर्षांचा असून उलट उत्तरं देतो. धाक नको का? (आजोबा, सातारा)

धाक हवा. पण मराठीत धाक वेगळा आणि दहशत वेगळी. धाकातलं मूल तुमच्या शब्दाची किंमत ठेवतं; दहशतीतलं मूल तुम्ही घरी आहात का ते आधी बघतं.

तुमच्या प्रश्नात एक तथ्य आहे, ते आधी मान्य करू. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या तऱ्हा सांगितल्या: हुकमी, मोकळं सोडणारी, आणि नियम ठाम पण कारण सांगून ऐकूनही घेणारी. शेवटची चांगली, हे जगभर पाठ झालं. १९९४ मध्ये रूथ चाओ यांनी दाखवलं की चिनी घरांना ‘हुकमी’ हे लेबल बसत नाही. तिथे ‘ग्वान’ हा शब्द आहे; त्यात ताबा ठेवणं आणि काळजी वाहणं दोन्ही येतं. आपलं ‘वळण लावणं’ त्याच्या जवळ जातं. कॅमेरूनमधल्या न्सो समाजात मुलांकडून लहानपणापासून आज्ञाधारकपणाची अपेक्षा असते. तिथल्या चार वर्षांच्या मुलांसमोर एक खाऊ ठेवून ‘थांबलास तर दुसरा’ म्हटलं, तर जवळजवळ सत्तर टक्के थांबली. जर्मन मुलांतली तिसऱ्या हिश्श्याहून कमी. कडक शिस्तीत धीर येत नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

पण शिस्त आणि मार या एक गोष्टी नव्हेत. २००५ मध्ये जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांचा सहा देशांतल्या आया-मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपाइन्स आणि थायलंड. जिथे मार सर्रास, तिथे मुलांतली आक्रमकता आणि चिंता यांच्याशी त्याचं नातं जरा सौम्य दिसलं, कारण मुलाला तो एकट्यावरचा अन्याय वाटत नाही. तुमच्या लहानपणी आळीतल्या सगळ्यांनाच बसायची, ती ही गोष्ट. तरी नातं पुसलं गेलं नाही; जास्त मार तिथे जास्त आक्रमकता आणि चिंता, हे सर्रास मारणाऱ्या देशांतही राहिलंच. आणि नातवाच्या वर्गात आता सगळ्यांना बसत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली छडी बंद केली. तीच चापट त्याला तुमच्याहून जड पडेल. कानशिलात तर कोणालाच देऊ नका, कानाचा पडदा फाटू शकतो.

उलट उत्तरांना आठव्या वर्षी उपाय वेगळा. मजकूर आणि सूर सुटे करा. ‘तुझं म्हणणं ऐकतो, या आवाजात नाही. पुन्हा सांग.’ पुन्हा नीट सांगितलं तर त्याचं म्हणणं दहापैकी काही वेळा मान्यही करा, नाहीतर नीट बोलण्याचा त्याला उपयोग काय? नीट नाही सांगितलं तर त्या दिवसाची एक ठरलेली सवलत जाईल, उदाहरणार्थ सायकलची अर्धी फेरी. उद्या पाटी कोरी. आठवडाभराची बंदी घालू नका. दुसऱ्या दिवसापासून मुलाला गमावण्यासारखं काही उरत नाही आणि तिसऱ्या दिवशी घरच कंटाळून सवलत देतं. शिक्षा ठरवताना सून आणि तुम्ही एकाच वाक्यावर या, मुलासमोर नाही.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, स्वतःचं ताटही उचलत नाही. कामाला पाच रुपये देऊन पाहिले. आता पैशाशिवाय हलत नाही. (आई, नाशिक)

पैशाने तसंच होणार होतं. जर्मनीतल्या लायपझिगमध्ये वीस महिन्यांच्या बाळांवर २००८ मध्ये झालेल्या प्रयोगात, मदतीबद्दल खेळणं मिळालेली बाळं पुढे कमी मदत करू लागली. नुसतं ‘थँक यू’ ऐकणारी आणि काहीच न मिळालेली करत राहिली.

ग्वाटेमालातल्या माया गावांत आणि मेक्सिकन घरांत लहान मुलं न सांगता कामाला हात लावतात. तिकडे ‘अकोमेदीदो’ असा शब्द आहे: काय हवंय ते पाहून आपणहून पुढे होणारा. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासलं. यात जादू एवढीच की दोन वर्षांचं मूल झाडूला हात लावतं तेव्हा तिथे त्याला कोणी हाकलत नाही. आपण म्हणतो, ‘लुडबुड करू नकोस, जा खेळ.’ सात वर्षं हे ऐकलेली मुलगी नवव्या वर्षी खेळत बसली, तर ती आज्ञाधारकच आहे.

पैसे आजपासून बंद. कारण एकदाच सांगा. काम तिचं एकटीचं देऊ नका, तुमच्यासोबतचं द्या, आणि खोटं खोटं नको. कुकर तिच्याकडे: एक वाटी तांदूळ, दोनदा धुऊन, दोन वाट्या पाणी; शिट्ट्या तिने मोजायच्या, झाकण मोठ्यांनी उघडायचं. भात गिजगिजा झाला तरी तोच वाढा, शेरा नको. घरात धाकटं असेल तर त्याला मटार सोलायला बसवा, ताटं मांडू द्या, उशीर होईल तो होऊ द्या. वडील आणि भाऊ ताट उचलत नसतील तर मात्र हा सगळा सल्ला वाया आहे.

प्रश्न : तीन वर्षांची मुलगी रात्री अकराशिवाय झोपत नाही, सकाळी चिडचिड. ‘वेगळ्या खोलीत रडू द्या’ करायला वेगळी खोलीच नाही. (आई-बाबा, ठाणे)

खोलीची गरज नाही. जपानी घरांत मूल आईबापांच्या मध्ये झोपतं. त्याला ‘नदी’ या अर्थाच्या जपानी अक्षरासारखं झोपणं म्हणतात, दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक लहान. ‘वेगळ्या खोलीत रडू द्या’ ही पद्धत मूल एकटं झोपतं असं धरून बेतलेली आहे. 

तुम्ही एकटे नाही. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या झोपेची सतरा देशांत तुलना झाली, भारतही त्यात होता: न्यूझीलंडची मुलं सरासरी साडेसातच्या सुमारास झोपत होती, हाँगकाँगची सव्वादहानंतर. पण तीन वर्षांच्या मुलीला दुपार धरून दहा ते तेरा तास झोप लागतेच. कमी झोपलेलं मूल पेंगत नाही, उधळतं. म्हणून ‘हिला झोपच येत नाही’ असं वाटतं.

झोपायच्या वेळेला लगेच हात घालू नका, आधी उठायची वेळ धरा. सकाळी सात म्हणजे सात, रविवारीही, आणि उठल्यावर दहा मिनिटं गॅलरीतल्या उजेडात. दुपारची झोप तासाभराची, तीनच्या आत संपलेली. पाळणाघरात असेल तर तिथल्या ताईंना हे सांगावंच लागेल, बहुतेकदा गाडी तिथेच अडते. मग रात्रीची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. अकरावरून पावणेदहाला यायला पंधरा दिवस लागतील. त्याआधीचा पाऊण तास मोबाइल आणि टीव्ही बंद, घरातले मोठे दिवे बंद, रोज त्याच क्रमाने: दात, शू, एक गोष्ट, पाठीवर थोपटणं. बाबा साडेनऊला घरी येत असतील तर दंगा सकाळच्या अंघोळीला करा, दारातून आत आल्यावर नाही.